आठ हजार सातशे रुपयांचं पीस

आधी हसून घ्या, मग वाचा. कोंबडीच्या पिसांपायी कुणी ८,७०० रुपये घालवतं का? मी घालवले. ठाण्यात, घरबसल्या.

मला गरवायचा नाद आहे. रविवारी पहाटेची लोकल धरून बदलापूरला उतरायचं, उल्हास नदीच्या काठाने चालत जायचं आणि उन्हं डोक्यावर येईपर्यंत चिलापीच्या मागे लागायचं. गांडूळ आणि कणकेच्या गोळ्यांवर बरीच वर्षं काढली, मग फ्लाय बांधायला लागलो. फ्लाय म्हणजे गळाला पिसं-दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. बाहेरून येणारं सामान महाग, म्हणून माझं सगळं घरातलं आणि जांभळी नाक्यावरचं. वाइसच्या, म्हणजे गळ घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्याच्या जागी साधी पकड, मुठींना रबरबँडचे चार वेढे. दोरा शिलाईचा, तो सैल पडू नये म्हणून खाली कपड्यांचा चिमटा लटकवलेला. तुटलेल्या हवाई चपलेचा तुकडा ब्लेडने कापून पाठीवर बांधला की झाला तरंगणारा नाकतोडा. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या उभ्या चिरल्या की बारीक मासळीची शेपटी. गळून पडलेल्या मोरपिसाचा एकच धागा गळाच्या दांड्याला गुंडाळला तर हिरवं-तांबूस चमकणारं असं पोट तयार होतं की दुकानातलं काही लागत नाही. मानेची पिसं चिकनवाला फुकट देतो. ती कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवायची. शेवटी डोक्याच्या गाठीवर बायकोच्या पारदर्शक नेलपेंटचा थेंब, म्हणजे दोरा सुटत नाही. हे नेलपेंट लक्षात ठेवा.

यावर चिलापी मजेत लागतात. पण मला डोळा हवा होता.

जुन्या इंग्रजी सामन फ्लायचे, म्हणजे सॅल्मन माशासाठी बांधलेल्या फ्लायचे फोटो बघा. गालाशी एक छोटं पीस असतं, काळ्यावर मेणासारखा पांढरा-पिवळसर ठिपका. तोच डोळा. ते आपल्याच सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेचं. एकेकाळी अशा पिसांचा व्यापार इतका माजला होता की १९०२ साली इंग्रज सरकारलाच हिंदुस्थानातून पिसं बाहेर पाठवायला बंदी घालावी लागली. आज १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा पक्षी मारणं, त्याची पिसं विकणं, बाळगणं गुन्हा आहे. परदेशात पाळून वाढवलेल्या कोंबड्यांची पिसं मिळतात, तीही महाग. हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणजे अडाणीपणामुळे फसलो असं म्हणायचीही सोय नाही.

मासेमारीच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडला. फुलाफुलांच्या मेणकापडावर मांडलेली वीस पिसं. ‘पाळीव पक्ष्याची, कागदपत्रांसह, २,२०० फक्त.’ मी विचारलं, कागद दाखवता का? ‘दादा, पार्सलमध्ये टाकतो ना, विश्वास ठेवा.’ ठेवला. यूपीआय केलं.

गुरुवारी पार्सल आलं. उदबत्तीच्या पुड्यात वीस पिसं, कागद एकही नाही. तरी रात्री दिव्याखाली ठिपका चमकताना पाहिला आणि कागद विसरलो.

शुक्रवारी अकराच्या सुमारास फोन. “वनविभागातून बोलतोय. तुम्ही रानकोंबड्याची पिसं मागवलीत. विकणारा ताब्यात आहे, त्याच्या मोबाइलमध्ये तुमचं नाव, पत्ता, पेमेंटचा स्क्रीनशॉट सगळं आहे.” सगळं तंतोतंत बरोबर. बरोबर असणारच, ते त्या विकणाऱ्याकडेच तर होतं. पण हा विचार सुचायला डोकं जागेवर लागतं. डीपीवर खाकी गणवेश. “सात वर्षं जाल. घरी टीम पाठवू, की इथेच मिटवायचं?” बाहेरच्या खोलीत मुलीची शिकवणी चालू होती. सोसायटीच्या गेटाशी वनखात्याची जीप आणि वॉचमन माझ्या घराकडे बोट दाखवतोय, एवढंच मला दिसत होतं.

साहेबांनी १८,००० सांगितले. आता लाजिरवाणी गोष्ट सांगतो, मी घासाघीस केली. मेथीच्या जुडीला करतो तशी. ६,५०० वर तुटलं तेव्हा आपण जिंकलो असंही क्षणभर वाटलं. त्यांनी पावतीची पीडीएफ पाठवली, चॅट डिलीट करायला सांगितलं, पिसं जाळून फोटो पाठवा म्हणाले. चॅट मी आज्ञाधारकपणे डिलीट केलं.

रात्री जाळायला बसलो, तर मन होईना. एक तरी बांधून बघू. पकडीत दहा नंबरचा गळ लावला, मोराचा धागा गुंडाळला, दोन्ही गालांना एकेक पीस बसवलं, गाठ मारली आणि गाठीवर सुईने नेलपेंटचा थेंब सोडला. थेंब ओघळून पिसाला लागला, आणि पांढरा ठिपका हलला. पसरला, पिवळ्यात मिसळला, सुईला तार धरून वर आला. मी हाक मारली. बायकोने पीस नाकाशी नेलं आणि म्हणाली, “अहो, हे नेलपेंट आहे. तेसुद्धा स्वस्तातलं.” कापसावर रिमूव्हर घेऊन तिने पुसलं, तर खाली साध्या काळ्या कोंबडीचं पीस. अस्सल पिसात तो ठिपका पिसाचाच भाग असतो, तंतू कडक होऊन चिकटलेले. रिमूव्हरने तो जात नाही. ही परीक्षा गुरुवारीच करता आली असती. अर्थात ठिपका गेला नसता तर ते वेगळंच संकट होतं.

डोळा नकली म्हणजे कोंबडा नकली. आणि कोंबडाच नकली तर साहेब कुठले अस्सल? मग पावती नीट वाचली. वर लिहिलं होतं ‘वनविभाग, ठाने’.

तरी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायला मी आणखी दोन दिवस लावले. काय सांगणार होतो? बंदी असलेलं पीस घ्यायला गेलो आणि ते नकली निघालं? त्यांची हुशारी पीस रंगवण्यात नव्हती. जिची तक्रार करायला तोंड उघडत नाही अशीच वस्तू त्यांनी विकायला काढली होती. ते दोन दिवस महागात पडले. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत तक्रार गेली तरच ते अडवता येतात. यूपीआयच्या तपशिलातला बारा आकडी व्यवहार क्रमांक मागतात, तो माझ्याकडे होता. चॅट मागितलं, ते मीच उडवलं होतं. तक्रार नोंदवून घेतली, पैसे अजून आलेले नाहीत.

डोळ्याचं म्हणाल तर चिकनवाल्याकडच्या काळ्या पिसावर आता मीच नेलपेंटचा ठिपका देतो, पण दोन कोट आणि वर रात्रभर सुकवण. चिलापीला फरक कळत नाही.

गेल्या आठवड्यात एका मित्राने दुसऱ्याच ग्रुपवरचा फोटो पाठवला, ‘हे घेऊ का’ म्हणून. नंबर वेगळा, नाव वेगळं. मेणकापड तेच, फुलाफुलांचं. भाव आता २,५००.