ठिपक्यांच्या पेटुनियाचं बी विकणाऱ्यांपासून सावध राहा

जांभळ्या पाकळ्यांवर पांढरे ठिपके असलेल्या पेटुनियाचं बी ऑनलाइन मागवणार असाल, तर आधी हे वाचा. ‘गॅलेक्सी पेटुनिया, १०० बिया’ म्हणून माझ्या गळ्यात चक्क माठाचं बी मारलं गेलं, आणि यंदा तीच जाहिरात पुन्हा फिरते आहे.

फोटोतलं फूल खरं आहे. ‘नाइट स्काय’ नावाची ही जात एका जर्मन कंपनीने बाजारात आणली. पण तिची रोपं छाट कलमांपासून करतात, बियांपासून नाही. शिवाय ठिपके तापमानानुसार कमी-जास्त होतात. एकाच झाडावर काही फुलं ठिपक्यांनी भरलेली, काही जवळजवळ कोरी. ‘प्रत्येक फूल फोटोसारखंच’ अशी हमी कुणीच देऊ शकत नाही.

पाकिटावर फक्त रंगीत चित्र. कंपनीचं नाव, लॉट नंबर, उगवणक्षमता, तपासणीची तारीख, काहीच नाही. आत काळ्या, चकचकीत, गोल बिया. पेटुनिया तंबाखूच्या जवळच्या नात्यातली. तिचं बी तंबाखूच्या बियांसारखंच अगदी बारीक, एका ग्रॅममध्ये हजारोंनी बसणारं. म्हणूनच चांगल्या कंपन्या त्यावर मातीचा लेप देऊन गोळ्या करून विकतात. सुटं बी एकेक करून चिमटीत उचलता आलं, तर ते पेटुनियाचं नाहीच.

रोपं वर आली ती लालसर देठांची आणि गुळगुळीत पानांची. पेटुनियाचं पान लवदार असतं, बोटांना किंचित चिकटतं. इथे बोट कोरडंच राहिलं.

खरी मेख परताव्याच्या मुदतीत आहे. मुदत सात दिवसांची, आणि पेटुनिया उगवायलाच सात ते दहा दिवस लागतात. खरी पानं दिसेपर्यंत आणखी. तक्रार केली तेव्हा विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: ‘मुदत संपली. पाणी जास्त झालं असेल.’ पाणी जास्त झाल्याने पेटुनियाचा माठ होतो का? फोटोंसकट लिहिलेला माझा अभिप्रायही काढून टाकला. पैशांपेक्षा याचा संताप जास्त आहे, कारण पुढच्या माणसाला कळायची वाटच बंद केली.

पाकीट उघडतानाच व्हिडिओ करा, बी हातावर घेऊन बघा आणि शंका आली तर पेरत बसू नका, त्याच दिवशी परत पाठवा. विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. साधी पेटुनिया हवी असेल, तर थंडीत नर्सरीत फुलावर आलेली रोपं मिळतात. रंग डोळ्यांनी बघून घ्या.