तेरा कप्प्यांची फाईल: टेबल मोकळं झालं, खरेदीखत मात्र बाहेरच

आमचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला. त्यामुळं टेबल आवरायचं म्हटलं की आमच्याकडं पहिला प्रश्न पडतो तो वेगळाच: पाणी आलं तर हे सगळं उचलून वर न्यायला किती वेळ लागेल? २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट. त्या गडबडीत मी गाद्या नेल्या, देव नेले, लोणच्याची बरणीसुद्धा नेली, आणि टेबलाच्या खालच्या खणातले कागद विसरले. पाणी उतरल्यावर फुगून बसलेला खण सुताराकडून काढून घ्यावा लागला. आत नुसता लगदा.

त्या धसक्यानं पुढचा प्रत्येक कागद टेबलावरच ठेवायची सवय लागली. डोळ्यासमोर असला म्हणजे विसरायचा नाही, असा हिशोब. पाच-सहा वर्षांत टेबलाची काच दिसेनाशी झाली. दहा दिवसांनी येणारी दूध संस्थेची बिलं, कारखान्याची ऊसबिलं, ह्यांचे रक्ताचे रिपोर्ट, घरफाळ्याच्या पावत्या आणि सगळ्यावर वजन म्हणून अडकित्ता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, कॅटलॉगला कधी डाग पडू दिला नाही. घरचं टेबल मात्र असं.

शेवटी महाद्वार रोडच्या एका दुकानातून तेरा कप्प्यांची निळी प्लास्टिकची फाईल आणली. ३४० रुपये सांगितले, ३१० ला दिली. वर धरायला मूठ, पुढं खटका, आणि उघडली की पेटीच्या भात्यासारखी पसरते. सोबत इंग्रजी अक्षरांच्या चिठ्ठ्या होत्या, त्या मी पहिल्याच दिवशी काढून टाकल्या. घरफाळा कुठल्या इंग्रजी अक्षराखाली शोधायचा?

कागद वेगळे करायला फाईलच्या कंपनीची काही मदत नाही, ते आपलं आपणच करायचं. मी सतरंजी अंथरून दुपारी दोनला बसले, उठले तेव्हा दिवेलागण झाली होती. वर्षानुवर्षांची लाइट बिलं निघाली. आधी त्यांतलं शेवटचं वर्षच ठेवायचं ठरवलं, मग वाटलं तेही कशाला, आता मोबाईलवर दिसतंच की. सातबाऱ्याच्या जुन्या झेरॉक्सचा गठ्ठा होता; ऑनलाइन डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो, तेव्हा तोही गेला. गिझरची पावती जपून ठेवलेली सापडली, पण ती त्या गुळगुळीत कागदावरची, मशीनमधून निघते तसली. पार कोरी झाली होती. वॉरंटी शिल्लक, पुरावा गायब. तसल्या पावतीची त्याच दिवशी झेरॉक्स काढायची, हे तेव्हा समजलं. रद्दी साडेसात किलो भरली.

आता फाईलबद्दल. कप्पे चांगले रुंद आहेत, कागद दुमडत नाही. मी नावं घातली ती अशी: हयात, ऊस, दूध, दवाखाना, बँक, गॅस, घरफाळा, लेकीचं, आणि सगळ्यात पुढं ‘चालू’. खरा कामाला आला तो हा ‘चालू’ कप्पाच. जे भरायचंय, सही करायचीय, विचारायचंय ते तिथं. काम झालं की मागं ज्याच्या त्याच्या कप्प्यात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, तेव्हा दरवर्षी पेन्शनचं पुस्तक शोधण्यावरून आमच्यात वाद व्हायचा. यंदा पाच मिनिटांत मिळालं. (ह्यांना तेरा कप्पे दिसतच नाहीत. हातात येईल ते शेवटच्या कप्प्यात. तो कप्पा मी त्यांच्या नावानं सोडून दिलाय.)

दोष आता. पहिला मोठा: ही फाईल ए-फोर मापाची. आमचं खरेदीखत, सासऱ्यांच्या वेळचे मुद्रांकाचे कागद, सोसायटीचे जुने दाखले, सगळे त्याहून लांब. वरून बोटभर बाहेर राहतात आणि झाकण बसत नाही. दुमडून घातले तर वर्षानुवर्षं त्याच घडीवर कागद फाटतो. म्हणजे ज्या कागदांसाठी जीव खाली-वर होतो, तेच बाहेर.

दुसरा: खटका. विसाव्या दिवशी तुटला. दुकानात नेली तर म्हणाले, “बाई, प्लास्टिकला गॅरंटी नसते.” आता परकराच्या नाडीनं बांधते.

तिसरा पाण्याचा. पुठ्ठ्यावर ‘वॉटरप्रूफ’ छापलंय म्हणून मोरीत नेऊन, आत जुनं वर्तमानपत्र घालून तांब्याभर पाणी ओतलं. समोरून थेंब आत गेला नाही, पण दोन्ही बाजू भात्यासारख्या उघड्याच, तिथून सरळ आत. पावसात रिक्षातून न्यायला ठीक, पुरात नाही. मूळ कागद आधी बटणाच्या पारदर्शक पिशवीत घालून मग कप्प्यात ठेवले. पिशवी घेताना वास घेऊन बघा. मऊ, उग्र वासाच्या प्लास्टिकला झेरॉक्सची शाई चिकटते. माझ्या एका मार्कलिस्टच्या प्रतीचे निम्मे गुण पिशवीवर उमटलेत.

शेजारच्या वहिनी बघून गेल्या, म्हणाल्या, “मी पण घेतो की एक.” मी त्यांना सांगितलं, रोजच्या कागदाला घ्या, ३०० च्या वर देऊ नका, आणि घरी न्यायच्या आधी दुकानातच खटका वीस वेळा उघडझाप करून बघा. पाचपैकी साडेतीन गुण. खरेदीखतासाठी फुलस्केप मापाची, जाड पुठ्ठ्याची बॉक्स फाईल लक्ष्मीपुरीत बघणार आहे. ती मिळेपर्यंत ते लांब कागद पिशवीत, देवघराच्या वरच्या फळीवर. पाणी ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला, आल्याची बातमी आली की आधी ती पिशवी आणि निळी फाईल, मग लोणचं.