शाफ्टचा क्रॉस घेताय? आधी त्याची पकड बघा

खानापूरची तांबडी माती, चोर्ल्याचा घाट आणि हंगामात चिक्कोडी-अथणीकडचा उसाचा लोड. अशा वापरात प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद चाकांकडे नेणारा दांडा) क्रॉस, म्हणजे त्याच्या सांध्यातला चार दांड्यांचा अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, खराब होतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा क्रॉसचा नसतो. योकमध्ये, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या दोन कानांमध्ये, त्याला धरणारी पकड चुकलेली असते.

लॉकवाला, म्हणजे सरक्लिपचा क्रॉस दुकानात सहज मिळतो, आणि आमची पहिली पसंतीही त्यालाच. पण योकमधली लॉकची खाच गंजते. मातीवरच लॉक बसवलं तर वरून नीट दिसतं, आणि लोड आला की कप (क्रॉसच्या दांड्यावरची, आत बेअरिंगच्या बारीक सुया असलेली टोपी) बाहेर सरकतो. खाच टोकदार सळईने कोरून काढा, लॉक टक् आवाज करून बसलं पाहिजे. कप थोडा वर राहून खाच झाकत असेल तर ठोकत बसू नका: आत एखादी सुई आडवी पडलेली असते. कप काढा, सुया ग्रीसने पुन्हा चिकटवा. जोरात ठोकलं की योकचे कान आत येतात आणि क्रॉस जड फिरतो. योग्य जाडीचं लॉकही जुळवून घ्यावं लागतं. ढिलं लॉक म्हणजे क्रॉस मध्यावरून सरकला, शाफ्ट थरथरला.

यू-बोल्टची पकड पिनियनच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या, बाजूला असते. सोडायला-बसवायला सर्वांत सोपी, आणि बिघडवायलाही. पान्याला पाइप लावून आवळलं की कप लांबट होतो, सुया अडकतात, थोड्याच दिवसांत क्रॉसच्या दांड्यावर सुयांचे चरे उमटतात. कमी आवळलं तर नट सुटतो. टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) नसेल तर हे काम हाती घेऊ नये. ताणलेले बोल्ट परत वापरू नयेत. पट्टी-बोल्टच्या पकडीलाही हेच लागू.

जड गाड्यांतला प्लेटवाला कप भक्कम असतो, मात्र बोल्टची लॉक-पत्री वाकवायची राहिली तर बोल्ट सैल होतो, नाहीतर आतच तुटतो. मग आटा नव्याने पाडणं आलं.

पंच मारून बसवलेला, खाच नसलेला क्रॉस आमच्या हिशेबात घाट्याचा. क्रॉस गेला की बहुधा पूर्ण शाफ्टच बदलावा लागतो.

वाटेत कपाला वेल्डिंगचा टाका मारून देणारे भेटतात. तो कधीच मारू देऊ नका! उष्णतेने सील जळतं, ग्रीस वितळून जातं, सुयांचं पाणी (कडकपणा) उतरतं, आणि पुढच्या वेळी योकच कापावा लागतो.

रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टला (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा) मात्र लॉकवाला, ग्रीस भरायचं निप्पल असलेलाच घ्या. चारही सीलमधून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत गन मारायची. एखाद्या सीलमधून आलंच नाही, तर त्या कपापर्यंत ग्रीस पोचलेलं नाही.

शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँज (जोडणीची गोल चकती) आणि योकवर रंगाची खूण करा, स्प्लाइनवरही (शाफ्टचे एकमेकांत सरकणारे दाते). दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आले नाहीत तर नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरतच राहील.