मारी की डायजेस्टिव्ह? पुडा उलटा करून बघा

चार वाजताच्या चहाबरोबर काय द्यायचं, यावरून आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात बरेच दिवस धुसफूस चालू होती. बाबांची साखर काठावर, म्हणून वहिनीने मारी बंद करून डायजेस्टिव्ह सुरू केली. शेवटी एकदा मी दोन्ही पुडे उलटे करून शेजारी शेजारी ठेवले.

दर १०० ग्रॅमचा रकाना धरला तर वहिनी जिंकते. मारीत साखर २२ ग्रॅम, डायजेस्टिव्हमध्ये १६. तंतूही मारीत जेमतेम २, इकडे ६. स्निग्धांशात मात्र उलटं: मारीत ११ ग्रॅम, डायजेस्टिव्हमध्ये २१, आणि त्यातले निम्मे संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारे.

पण १०० ग्रॅम खातो कोण? बाबा चार बिस्किटं खातात. निव्वळ वजनाला बिस्किटांच्या संख्येने भागलं, तर मारी सहा ग्रॅमची निघाली आणि डायजेस्टिव्ह बारा. म्हणजे चार मारींत साखर सव्वापाच ग्रॅम, चार डायजेस्टिव्हमध्ये पावणेआठ! दोनच डायजेस्टिव्ह खाल्ल्या तर साखर पावणेचारवर येते, पण स्निग्धांश तरीही चार मारींच्या जवळपास दुप्पट. ‘एका वेळचं प्रमाण’ म्हणून जो रकाना असतो, त्यातला आकडा कंपनीचा असतो, आपल्या बशीतला नव्हे. शेजारची टक्केवारी २००० कॅलरींच्या आहारावर बेतलेली असते. त्यात वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम धरतात. बाबांना ती मोजपट्टी लावण्यात अर्थ नाही.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. आमच्या दोन्ही पुड्यांवर पहिलं नाव मैद्याचंच. डायजेस्टिव्हवर पुढे गव्हाच्या पिठाची लोंबी झोकात छापलेली, आणि मागे त्या पिठाचा टक्का मैद्याच्या निम्माही नाही. साखरेनंतर ‘इन्व्हर्ट सिरप’ किंवा ‘लिक्विड ग्लुकोज’ दिसलं, तर तीही साखरच समजा.

मीठ बघायचं असेल तर सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणा.

ज्यांचा हात दोनवर थांबतो आणि पोट साफ होत नाही, त्यांनी डायजेस्टिव्ह घ्यावी. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल किंवा गप्पांत पुडा संपत असेल, तर मारी बरी. बाबांना आता तीन मारी मिळतात, मोजून, आणि चहा बिनसाखरेचा.

कोपऱ्यावरच्या बेकरीतली खारी कागदात बांधून येते. तिच्यावर तक्ताच नसतो, त्यामुळे तिच्यावरून घरात अजून एकदाही वाद झालेला नाही.