पेल एल: तयार माल्टचा पाक की धान्यापासून?

भाचा सप्टेंबरात लीड्सला शिकायला चाललाय. त्याची आई सामानाच्या यादीत कुकर आणि गोडा मसाला लिहीत होती, तेवढ्यात तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, तिकडे पेल एल, ती फिकट इंग्लिश बिअर, घरी करायची तर माल्ट एक्स्ट्रॅक्ट आणू, की धान्यापासून करू?"

मी इंग्लंडात असताना दोन्ही करून बघितलंय. पुण्यात आल्यापासून बंद, कारण महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही, 'घरच्यापुरतीच हो' म्हणून सुटका नाही. इंग्लंडात घरगुती बिअरसाठीचा परवाना 1963मध्येच रद्द झाला. विकायची मात्र तिथेही नाही.

माल्ट म्हणजे काय हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. बाळाच्या सत्त्वासाठी नाचणीला मोड आणून वाळवतात, तेच इथे जवाचं. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे त्याचा गोड काढा कारखान्यात आटवून केलेला काकवीसारखा पाक, किंवा त्याची पावडर. पाण्यात विरघळवा, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळलेली फुलं) घालून तासभर उकळा, गार करून यीस्ट घाला. दोन-अडीच तासांत मोकळे. धान्यापासून करायचं तर भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवून तो काढा आपणच काढायचा आणि पाच-सहा तास धरून चालायचं, भांडी घासण्यासकट.

वेळ बघितला तर पाक जिंकतो. चवीत नाही. काळ्या स्टाउट बिअरमध्ये भाजक्या धान्याखाली पुष्कळ काही झाकलं जातं. पेल एल उघडी असते. पाक जुना असेल तर रंग गडद येतो आणि मागे एक चिकट गोडवा रेंगाळतो. हॉप्स आधीच घातलेले डबे मिळतात, त्यावर 'एक किलो साखर घाला' असं लिहिलेलं असतं. ते ऐकू नये, बिअर पातळ होते.

दुसरं म्हणजे, पाकात गोडी कुणीतरी आधीच ठरवलेली असते. धान्यात ती तापमानावर आपण ठरवतो. 63 अंशांच्या आसपास भिजवलं तर बहुतेक साखर यीस्ट खातं आणि बिअर कोरडी होते. 69-70 वर यीस्टला न पचणारी साखर जास्त उरते, बिअर भरीव लागते. इंग्लिश पेल एलला 66-67 बरं.

हे त्याला तोंडी पटेना, म्हणून कोथरूडच्या स्वयंपाकघरात रंगीत तालीम केली, यीस्ट न घालता. पडद्याचं जाळीदार कापड तुळशीबागेतून आणून ताईने माल्ट भिजवायला पिशवी शिवली. त्याने उत्साहाने माल्ट मिक्सरमधून काढलं. पीठ झालं, पिशवीची जाळी बुजली, पाणी गळेना. दुसऱ्यांदा घरघंटीवर भरड काढली: दाणा फुटलेला, टरफल बऱ्यापैकी शाबूत. पाणी 69 अंशांना आणलं, भरड घातल्यावर 66वर आलं. गॅस बंद करून पातेल्याला आजीची गोधडी गुंडाळली. वीस मिनिटांनी चमचाभर काढ्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला तर काळानिळा, म्हणजे स्टार्च शिल्लक. तासाभराने थेंब तपकिरीच राहिला. ताईने वास घेतला, "हॉर्लिक्सच की रे!" भाचा दोन कप प्यायला.

उपकरणांची भीती घालणारे पुष्कळ भेटतील. पिशवीच्या पद्धतीला एक मोठं पातेलं, थर्मामीटर आणि आंबवायची बादली पुरते. धान्य पाकापेक्षा स्वस्तही पडतं. खरी अडचण शेगडीची. भाड्याच्या घरातल्या विजेच्या शेगडीवर मी पंचवीस लिटर उकळायला बसलो होतो. दोन तासांनी नुसत्या वाफा, आणि घरातल्या इतरांचं जेवण खोळंबलेलं. म्हणून त्याला दहा लिटरच सांगितलंय: वीस लिटरच्या पातेल्यात पंधरा लिटर पाणी, 2.2 किलो पेल माल्ट (मॅरिस ऑटर या जातीच्या जवाचं मिळालं तर उत्तम), 100 ग्रॅम क्रिस्टल माल्ट (कॅरमलसारख्या चवीचं), ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स 20 ग्रॅम उकळी फुटताना आणि 15 ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांत. साधारण साडेचार टक्क्यांची होते. पाकाने करायची तर पेल माल्टऐवजी 1.3 किलो कोरडी पावडर.

परीक्षेच्या दिवसांत पावडर घेतली तरी मी नाक मुरडणार नाही. ताजी घ्यावी, एवढंच.

पुढचं दोन्हीकडे सारखं: 18 ते 20 अंशांत दोन आठवडे, मग लिटरला चार-पाच ग्रॅम साखर घालून बाटलीत. घाई नको. हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा तीन दिवस हलला नाही, म्हणजे आंबणं संपलं, तरच बाटल्या भरायच्या. मी एकदा दहाव्या दिवशी न मोजताच भरल्या होत्या. रात्री कपाटात तीन फुटल्या, आणि त्याच कपाटात माझा एकुलता एक सूट होता.