गोधडीला फ्लीसचे अस्तर: ग्वाल्हेरच्या दोन हिवाळ्यांनंतरचे मत

ग्वाल्हेरच्या थंडीत एका पांघरुणाने भागत नाही. जानेवारीत पारा अनेकदा ५ अंशांखाली उतरतो, धुक्यामुळे ऊन दुपारपर्यंत गच्चीवर येत नाही आणि धुतलेली गोधडी दोन-दोन दिवस ओलीच राहते. शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या घरी सासूबाईंनी जुन्या नऊवारी लुगड्यांच्या शिवलेल्या गोधड्या अजून वापरात आहेत. त्यांच्या उबेबद्दल तक्रार नाही. मात्र भिजल्या की त्या एकट्या माणसाला बादलीतून उचलवत नाहीत. या अडचणीपायी मी गेल्या दोन हिवाळ्यांत तीन गोधड्यांना सुती अस्तराऐवजी पोलर फ्लीस लावून पाहिले.

फ्लीस म्हणजे पॉलिस्टरच्या धाग्याचे विणलेले आणि मग ब्रशने खरवडून लव उठवलेले कापड. ‘पोलर फ्लीस’ १९७९ साली अमेरिकेतील माल्डन मिल्सने बाजारात आणले ते थंडीतल्या कपड्यांसाठी, गोधडीसाठी नव्हे. त्यामुळे त्याचे काही गुण आपल्या कामाला आयते जुळतात, तर काही सांभाळून घ्यावे लागतात. त्याच्या लवेत हवा अडकून राहते आणि ऊब मिळते, परंतु वारा त्यातून सहज आरपार जातो. वरच्या बाजूला दाट विणीचे सुती ठिगळकाम असेल तर हा वारा पुष्कळसा अडतो. म्हणूनच मधे कापूस किंवा जुन्या साड्यांचे थर न घालताही फ्लीसची दुपदरी गोधडी पुरेशी उबदार होते.

खरी अडचण खरेदीची आहे. महाराज बाड्याभोवतीच्या कापडबाजारात मऊ दिसणाऱ्या कोणत्याही कापडाला दुकानदार सर्रास फ्लीस म्हणतात. लांब, निसरड्या लवेचे मिंक किंवा शेर्पा नावाचे कापड अस्तरासाठी घेऊ नये; ते मशीनखाली सरकते. आपल्याला हवे ते दोन्ही बाजूंनी खरवडलेले, आखूड लवेचे आणि ‘अँटी-पिल’ (गोळे न धरणारे) म्हणून मिळणारे. पहिल्या गोधडीसाठी मी एका दुकानातून स्वस्त मिळाले म्हणून जे घेतले, त्यावर तिसऱ्याच धुण्यात बाजरीच्या दाण्याएवढे गोळे आले. परत विचारायला गेले तेव्हा “बहनजी, फ्लीस तो ऐसा ही होता है” एवढेच उत्तर मिळाले. तसे ते मुळीच नसते. दुसऱ्या खेपेस मी दुकानातच कापडाचा कोपरा अंगठ्याने जोरात पन्नास वेळा घासून पाहिला आणि लव गुंतत नाही अशी खात्री झाल्यावरच पैसे दिले.

जाडीचे मोजमापही दुकानात कोणाला सांगता येत नाही. मी १० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन कापून सराफ्यातल्या ओळखीच्या पेढीवर तोलून घेतला. सोन्याच्या काट्यावर चिंधी ठेवल्याबद्दल तिथे बरीच थट्टा झाली, पण काटा २.४ ग्रॅमवर थांबला, म्हणजे एका चौरस मीटरला २४० ग्रॅम. अस्तरासाठी २०० ते २५० ग्रॅमचे कापड मला सर्वांत योग्य वाटते. ३०० ग्रॅमचे घेतल्यास घरगुती मशीनवर गोट लावताना कोपऱ्यात चार-पाच थर एकावर एक येतात आणि सुई अडते.

खर्चाच्या बाबतीत फ्लीस फारसे महाग पडत नाही. त्याचा पन्हा साधारण ६० इंच असतो, त्यामुळे ५२ बाय ८० इंचांच्या गोधडीला चारही बाजूंनी ४ इंच जास्त ठेवूनसुद्धा मधे जोड द्यावा लागत नाही. मला अडीच मीटर कापड मीटरला २२० रुपये दराने ५५० रुपयांना पडले. ३६ इंच पन्ह्याचे पॉपलिन घेतले असते तर दोन लांब्या जोडाव्या लागल्या असत्या, वर मधल्या थराचा खर्च वेगळा.

आता शिवणाविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण फ्लीसची कीर्ती बिघडते ती इथे. आमच्या घरची पद्धत अशी की गोधडीचा धावदोरा काठापासून सुरू करायचा आणि चौकोनामागून चौकोन घालत मध्यापर्यंत यायचे. लुगड्याचे कापड ताणत नसल्याने तिथे हे बिनबोभाट जमते. फ्लीस मात्र रुंदीकडे चांगलेच ताणते. टाका पुढे सरकतो तसे ते कणाकणाने पुढे ढकलले जाते आणि सगळा ढिलेपणा शेवटी मध्यभागी कोंडतो. माझ्या पहिल्या गोधडीच्या पोटात पालथ्या वाटीसारखा फुगा आला, आणि तो दाबून शिवला तर त्याची चुणी पडली. उसवायला बसले तेव्हा दुसरा धडा मिळाला. फ्लीसमध्ये टाका लवेच्या आत बुडतो, उलट बाजूने दोरा दिसतच नाही. सुईच्या टोकाने चाचपत तीन ओळी उसवायला एक अख्खी दुपार गेली आणि दोन ठिकाणी कापडालाच छिद्र पडले.

त्यानंतरच्या दोन्ही गोधड्या मी मध्यापासून बाहेरच्या दिशेने शिवल्या, आधी लांबीच्या ओळी आणि मग आडव्या. फ्लीस जमिनीवर न ताणता पसरले, कडा चिकटपट्टीने बसवल्या आणि त्यावर ठिगळकाम अंथरले. सुती कापड लवेला आपोआप धरून राहते, त्यामुळे टाचण्या निम्म्यानेच लागल्या. मशीनवर फ्लीस खालच्या बाजूला, म्हणजे दात्यांकडे ठेवावे. सुई बोथट गोल टोकाची, १४ नंबरची घ्यावी, कारण साध्या अणकुचीदार सुईने मधेच टाके सुटतात. टाका ३ ते ३.५ मिलिमीटर ठेवावा आणि दाबाचा स्क्रू थोडा सैल करावा. मधला थर नसल्यामुळे ओळींमध्ये चार बोटांचे अंतर पुरते. बोटभर अंतरावरचा दाट धावदोरा फ्लीसवर हाताने घालणे मला निरर्थक वाटले. पाठीमागून तो दिसत नाही आणि कापड उगीच आक्रसते. ज्यांना गोधडीची शोभा दोन्ही अंगांनी हवी आहे त्यांनी हे कापड घेऊ नये. कापल्यावर त्याचे धागे निघत नाहीत ही सोय आहे खरी. मात्र बारीक लव बॉबिनखाली साचते, ती दर गोधडीनंतर ब्रशने झाडावी लागते.

सुती ठिगळे जोडण्यापूर्वी भिजवून घ्यावीत. सूत आटते, फ्लीस आटत नाही, आणि ही तफावत पहिल्या धुण्यानंतर वरच्या बाजूला सुरकुत्यांच्या रूपाने दिसते. इस्त्रीही शिवणकामाआधीच उरकावी. नंतर सुती बाजूने फिरवलेल्या कडक इस्त्रीचा ताव खाली पोचून लव चपटी आणि चकचकीत होते. धुण्याचे सुख मात्र मोठे आहे. कोमट पाणी, साधी पावडर, आणि कापड मऊ करणारे द्रव अजिबात नाही. धुक्याच्या दिवशी सकाळी वाळत घातलेली गोधडी संध्याकाळी घडी करून ठेवता आली. प्रत्येक धुण्यात पॉलिस्टरचे सूक्ष्म तंतू पाण्याबरोबर जातात, ही गोष्ट मला खटकते. म्हणून मी ती कमी वेळा धुते.

वापरातल्या दोन गोष्टी विकत घेण्यापूर्वी माहीत असाव्यात. हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत अंधारात गोधडी झटकली की ठिणग्या चटचटतात, आणि शेगडीजवळ ती मुळीच नेऊ नये, कारण निखाऱ्याची एक ठिणगी पडली तरी कापड वितळून भोक पडते. तान्ह्या बाळाच्या दुपट्यालाही मी फ्लीस लावणार नाही. पॉलिस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे बाळाने ओले केले की ओल त्याच्याच अंगाखाली राहते. तिथे जुने मलमलीचे धोतरच बरे.

शाळकरी भाच्याला त्याची गोधडी इतकी आवडली की उन्हाळ्यातही ती कपाटात जाऊ देत नव्हता. सासूबाईंचे मत वेगळे. “ऊब आहे गं, पण अंगावर काही घेतलंय असं वाटतच नाही,” असे म्हणून त्यांनी पहिल्याच रात्री ती परत केली. अस्तराचे वजन जेमतेम साडेसहाशे ग्रॅम, त्यामुळे त्यांचे म्हणणे चूक नाही. सध्या त्या फ्लीसची गोधडी आत घेतात आणि वरून आपली लुगड्याची जुनी ओढतात.