मासेमारीबंदीत ‘बोटीवरची ताजी कोलंबी’: माझे १०,६०० रुपये गेले

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात, हे मला कोणी शिकवायला नको. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. तरी ‘पहाटेच बोटीवरून उतरलाय माल, ताई’ म्हणणाऱ्याला मी पैसे पाठवले. लाज वाटते, पण लिहितेय.

मी डोंबिवलीत घरून जेवणाच्या ऑर्डरी घेते. गटारीला कोलंबी बिर्याणीच्या साठ प्लेट होत्या. बंदीत भाव चढतातच. माझी नेहमीची कोळीण ६५० रुपये किलो सांगत होती, वर म्हणाली, “बर्फातली आहे गो, खोटं कशाला सांगू?” आणि फेसबुकवरचा तो ४२० ला ताजी, घरपोच द्यायला तयार! पंधरा किलोमागे ३,४५० रुपये वाचत होते. माझ्या धंद्यात ही रक्कम लहान नाही.

आधी निम्मे, ३,१५०. मग ‘गाडी भरली’ म्हणून उरलेले ३,१५०. मग बर्फाच्या पेटीचं डिपॉझिट २,५००, ‘माल उतरला की परत’. शेवटी टेम्पोभाडं १,८००. त्यानंतर फोन बंद.

बोट हा शब्द ऐकला तिथेच मी थांबायला हवं होतं. बिगरयांत्रिक होड्यांना मुभा असते, पण त्यांच्या जाळ्यात रोज एवढी एकसारखी मोठी कोलंबी कुठून येणार? जुलैत बाजारात येते ती तळ्यातली, नाहीतर बर्फातली. त्याच्या फोटोत तर डेकवर लख्ख ऊन पडलं होतं आणि माझ्या खिडकीबाहेर तीन दिवस पाऊस कोसळत होता! फोटो मागू नका, व्हिडिओ कॉलवर माल वजनकाट्यावर ठेवून दाखवायला लावा.

१९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. ती लागायला चाळीस मिनिटं गेली. पैसे गोठवायचे तर तीच वेळ महत्त्वाची असते, म्हणून फोन लागेपर्यंत cybercrime.gov.in या पोर्टलवर तक्रार टाका. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, “मासळीसाठी एवढे पैसे ऑनलाइन कोण पाठवतं?” मग ‘खातं परराज्यातलं, आमची हद्द नाही’. झिरो एफआयआर, म्हणजे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचाही एफआयआर, कुठल्याही ठाण्यात घ्यावा लागतो. मी तसं म्हटल्यावर उत्तर आलं, “मग वकीलच आणा.” दोन तास बाकावर बसवून साध्या अर्जावर शिक्का मारून दिला. चोरी झालेल्या बाईलाच चोरासारखं का वागवतात? नुसता तो खाते क्रमांक तरी लिहून घ्यायचा! तोच माणूस त्याच फोटोवर आजही माल विकतोय.

पेटीचं डिपॉझिट कुठलाही मासळीवाला आगाऊ मागत नाही. पैसे माल तोलून झाल्यावरच द्या.

बिर्याणी शेवटी कोळणीकडच्याच कोलंबीची केली. ९,७५० रुपये तिने उधारीवर ठेवलेत, अजून फेडतेय.